शेवटच्या आजारपणाचा कागद

वय ऐंशीच्या पुढे, पक्षाघाताचा दुसरा झटका, रात्रीचे अडीच. ड्युटीवरचे डॉक्टर आयसीयूच्या दारात येऊन विचारतात, "नळी टाकायची का? व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल." समोर उभा असतो तो मुलगा किंवा मुलगी, कधी जावई, कधी नुसताच शेजारी. त्याला फॉर्मवर सही करायची असते. त्याच सुमाराला बिलिंग काउंटरवरून निरोप येतो की डिपॉझिट संपत आलंय, सकाळपर्यंत आणखी भरा. आईला हे हवं असतं का आणि हे आपल्याला झेपेल का, असे दोन प्रश्न दहा मिनिटांत एकाच माणसावर येऊन आदळतात. नंतर कित्येक वर्षं त्या माणसाला स्वतःलाही नीट सांगता येत नाही की आपण 'हो' म्हटलं ते कशासाठी, किंवा 'नको' म्हटलं ते कशापायी.

हे दोन प्रश्न वेगळे करता येतात. त्यासाठी कायद्यानं दिलेला एक कागद आहे आणि पैशाची थोडी आधीची जुळवाजुळव आहे. दोन्ही गोष्टी तब्येत धडधाकट असताना कराव्या लागतात. आधी पैशाचं पाहू, कारण घराघरांत बोलणं तिथंच अडतं.

भारतात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला ३९.४ टक्के भाग २०२१-२२ मध्ये लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला, असं राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत नोंदलं आहे. २०१३-१४ मध्ये हा वाटा ६४.२ टक्के होता, म्हणजे सुधारणा झालीच आहे. पण म्हातारपणी खिसा कुठे रिकामा होतो, ते सरासरीत दिसत नाही. ते पाहायचं तर एक बिल उलगडून बघावं लागतं.

समजा, वडिलांचा ५ लाखांचा विमा आहे आणि पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. घरच्यांनी ८,००० ची खोली घेतली, कारण त्या दिवशी तीच रिकामी होती. वडील दहा दिवस राहिले. खोलीचे ८०,००० झाले. डॉक्टरांची फी, नर्सिंग आणि प्रोसिजर मिळून १,६०,००० आणि औषधं-तपासण्या ६०,०००. एकूण बिल ३ लाख. घरच्यांना वाटतं, खोलीचे वरचे ३० हजार तेवढे आपल्याला भरायचे. तसं होत नाही. खोली मर्यादेबाहेरची असली की तिच्याशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. म्हणजे १,६०,००० चे पाच अष्टमांश, एक लाखच मंजूर होतात. औषधं आणि तपासण्यांना ही कपात लागत नाही, आयसीयूच्या आकारालाही नाही. खोलीचे ५० हजार, जोडखर्चाचे १ लाख आणि औषधांचे ६० हजार धरून मंजूर रक्कम झाली २,१०,०००. ज्येष्ठांच्या पॉलिसीत बऱ्याचदा २० टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला आपण भरायचा वाटा, असतो. तो गेला की विमा कंपनी देणार १,६८,००० आणि घरून जाणार १,३२,०००. हातमोजे, डायपर वगैरे बारीकसारीक वस्तू आणखी वेगळ्या. म्हणून पॉलिसी हातात आली की विमा रक्कम वाचण्याआधी खोलीभाड्याची मर्यादा आणि को-पे वाचावा. दाखल होताना विम्याचं काम पाहणाऱ्या टीपीएच्या टेबलावर एवढंच विचारावं, "माझ्या पॉलिसीत बसणारी खोली कोणती?"

गेल्या दोन-तीन वर्षांत नियम ज्येष्ठांच्या बाजूनं थोडे सरकले आहेत. विमा नियामकानं एप्रिल २०२४ पासून नवा आरोग्यविमा घेण्याची ६५ वर्षांची अट काढली. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त चार वर्षांचा होता, तो तीनवर आला. पाच वर्षं पॉलिसी सलग चालू असेल, तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'तुम्ही आजार लपवला' म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर जानेवारी २०२५ पासून कंपनीला आधी नियामकाशी सल्लामसलत करावी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटीही शून्य झाला.

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, मिळकत कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली, आणि कार्ड आधारवर निघतं. घरात दोघं सत्तरीचे असतील तर रक्कम दोघांत मिळून. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनाही आहे. खर्च ह्यापलीकडे गेला तर धर्मादाय रुग्णालयाचा विचार करावा. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातल्या अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. बिलाच्या उत्पन्नातला २ टक्के भाग त्यासाठीच्या निधीत जातो. ह्यासाठी काउंटरवर वाद घालून उपयोग नाही. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला गाठावं, आणि पहिल्याच दिवशी गाठावं. डिस्चार्जच्या दिवशी फार उशीर झालेला असतो.

ह्या सगळ्या योजनांत एक मोठं भगदाड आहे आणि ते मला अन्यायाचं वाटतं. पैसे मिळतात ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे महिनेच्या महिने कोणी मोजत नाही. ब्यूरोकडून आलेल्या मावशींची दिवसपाळी आणि रात्रपाळी, एअर बेडचं आणि सक्शन मशीनचं भाडं, नाकातली नळी बदलायला येणारी सिस्टर, फिजिओ, डायपर ह्यांतलं जवळजवळ काहीच विम्यात बसत नाही. मग घडतं असं, की ज्याला घरी शांतपणे सांभाळता आलं असतं त्याला पुन्हा पुन्हा अ‍ॅडमिट केलं जातं, कारण तिथं निदान कार्ड चालतं. आई-वडिलांसाठी पैसे बाजूला काढताना विम्याच्या हप्त्याइतकीच ह्या घरच्या महिन्यांची तरतूद करावी. प्राप्तिकराची जुनी पद्धत निवडली असेल आणि साठीपुढच्या माणसाला विमा नसेल, तर वैद्यकीय खर्चाची ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. बिलं जपून ठेवावीत आणि पैसे रोखीनं देऊ नयेत.

आता दुसरा प्रश्न, इच्छेचा.

शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाला उपचार नाकारण्याचा हक्क आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात विनोबांनी अन्न आणि औषध नाकारलं. त्यांना भेटायला आलेल्यांनी गळ घातली तरी ते ठाम राहिले, कारण नकार कळवण्याइतकी जाणीव शाबूत होती. बहुतेकांच्या वाट्याला अशी स्पष्टता येत नाही. मेंदूत रक्तस्राव होतो, स्मृतिभ्रंश सगळं पुसून टाकतो, आणि बोलायची वेळ येते तेव्हा बोलणारं माणूसच उरलेलं नसतं. कायद्यातला कागद त्या वेळेसाठी आहे.

ह्या कायद्याची सुरुवात परळच्या केईएम रुग्णालयातून झाली. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला आणि त्यानंतरची जवळजवळ बेचाळीस वर्षं त्या तिथेच एका खाटेवर होत्या. त्यांना शांतपणे मरू द्यावं, ही पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीनं केलेली मागणी सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०११ ला फेटाळली. ज्या परिचारिका पिढ्यान् पिढ्या त्यांची सेवा करत होत्या, त्यांना ती मागणी मान्य नव्हती, आणि त्यांचं म्हणणं न्यायालयानं मानलं. पण त्याच निकालात, बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे कृत्रिम आधार काही अटींवर थांबवता येतील, हे तत्त्व मान्य झालं. अरुणा शानबाग १८ मे २०१५ ला न्यूमोनियानं गेल्या. पुढे ९ मार्च २०१८ ला 'कॉमन कॉज' संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सन्मानानं मरण हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरवला आणि आधीच लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला, लोक ज्याला लिव्हिंग विल म्हणतात त्याला, मान्यता दिली. फक्त त्या वेळची पद्धत इतकी किचकट होती की कागद वापरणं जवळजवळ अशक्य होतं. न्यायदंडाधिकाऱ्यांची त्यावर सही लागायची. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानं ती पद्धत सोपी केली.

इंजेक्शन देऊन मृत्यू आणणं भारतात गुन्हा आहे आणि हा कागद त्याबद्दल नाही. आजार त्याच्या वाटेनं जात असताना यंत्रांनी त्याला अडवत राहायचं की नाही, एवढंच हा कागद सांगतो.

कागद करायला वकील लागतोच असं नाही. अठरा वर्षांवरची, समजूत शाबूत असलेली कोणतीही व्यक्ती आपल्या भाषेत तो लिहू शकते, मराठीतही. दोन साक्षीदारांसमोर सही करायची. साक्षीदार शक्यतो बाहेरचे असावेत. ज्यांना इस्टेटीतून काही मिळणार आहे त्यांना साक्षीला बसवूच नये असं माझं मत आहे. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर तो साक्षांकित करायचा. आमच्या मावशीबरोबर मी कोर्टाच्या आवारातल्या नोटरींकडे गेले, तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, "फ्लॅट कोणाच्या नावे करायचाय?" मावशी म्हणाली, "फ्लॅटचं झालंय. हा माझ्या श्वासाचा कागद आहे." त्यांनी तो उभ्या-उभ्या दोनदा वाचला, मग खुर्ची पुढे केली आणि त्यांच्या आईसाठी एक प्रत मागून घेतली. दुय्यम निबंधकांकडे नोंदणी करायची गरज नसते.

कागदात काय असावं, ह्यावर वेळ घालवायला हवा. "मला नळ्या नकोत" एवढंच लिहिलं तर ते कुचकामी आहे. बहात्तराव्या वर्षी न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांच्या व्हेंटिलेटरनं माणूस चालत घरी येणार असेल, तर ती नळी हवीच. म्हणून आधी परिस्थिती लिहायची. आजार बरा न होणारा आहे, मृत्यू जवळ आला आहे किंवा शुद्ध परत येण्याची आशा नाही, असं डॉक्टरांचं मत झालं आणि मला स्वतः निर्णय घेता येत नसेल, तर पुढचं लागू करावं. मग एकेक उपचार नाव घेऊन. हृदय थांबलं तर छाती दाबून ते पुन्हा चालू करायचा प्रयत्न करावा का? सिनेमात हे सोपं दिसतं; ऐंशीच्या ठिसूळ शरीरात फासळ्या मोडतात आणि दीर्घ आजारानं आधीच खचलेला माणूस त्यातून घरी परतणं फार दुर्मीळ असतं. व्हेंटिलेटर, डायलिसिस, रक्तदाब टिकवणारी औषधं, नाकातून किंवा पोटातून अन्नाची नळी ह्यांबद्दलही असंच स्पष्ट लिहावं. आपल्या घरांत सगळ्यात जड जाते ती अन्नाची नळी. "उपाशी कसं ठेवायचं?" असं प्रत्येक जण विचारतो. मृत्यू अगदी जवळ आला की शरीराची भूक आपोआप मंदावते, आणि बळेच घातलेलं अन्न फुप्फुसात जाऊन त्रास वाढवतं, हे डॉक्टरांकडून आधीच समजून घेतलं तर नंतरचं अपराधीपण पुष्कळ हलकं होतं.

जे हवं आहे तेही लिहायचं, आणि ते लोक विसरतात. वेदना आणि धाप कमी करणारी औषधं पूर्ण द्यावीत, गुंगी आली तरी चालेल. तोंड ओलं ठेवावं, कूस बदलावी. शक्य असेल तर घरी न्यावं. मावशीनं लिहिलं होतं, "खिडकीकडची खाट द्यावी आणि माझ्यासमोर माझ्या आजाराच्या खर्चाविषयी बोलू नये." हे शेवटचं वाक्य कायद्याला लागत नाही. घराला मात्र लागतं.

आपल्या वतीनं संमती देणाऱ्या एकाहून अधिक व्यक्तींची नावं कागदात असायला हवीत. सगळ्यात जवळचं माणूस हे काम सगळ्यात चांगलं करेलच असं नाही. जो रडला तरी आपलं म्हणणं डॉक्टरांपर्यंत पोचवेल, तो निवडावा. अमेरिकेतल्या मुलाचं नाव घालणार असाल तर गावातल्या एखाद्या भाचीचंही घाला, कारण दारात ती आधी पोचणार आहे.

तयार कागदाची प्रत फॅमिली डॉक्टरांना आणि नाव घातलेल्यांना द्यावी, एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे सोपवावी. अनेक वर्षं हे अधिकारी नेमलेलेच नव्हते. मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, त्यानंतर राज्यात नेमणुका झाल्या. गोव्यात ३१ मे २०२४ ला उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती म. स. सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र करून राज्यात पायंडा पाडला. लहान गावात टेबलावरच्या माणसाला हे काय आहे ते ठाऊक नसेल तर वाद न घालता आवक विभागात प्रत द्यावी आणि शिक्का मारलेली पोच घ्यावी.

मग वेळ येते तेव्हा काय होतं? उपचार करणारे डॉक्टर कागद खरा असल्याची खात्री करतात. रुग्णालय प्राथमिक मंडळ नेमतं, त्यात ते स्वतः आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ असतात. त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. त्यांनी होकार दिला की दुसरं मंडळ बसतं. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. त्यांनाही शक्यतो ४८ तास. दोन्हींचं एकमत झालं आणि कागदात नाव असलेल्यांनी संमती दिली की रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं आणि कृत्रिम आधार काढला जातो. मंडळानं नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं. कागदच नसेल तरी हीच दोन मंडळं बसू शकतात, जवळच्या नातेवाइकांच्या संमतीनं. पण तेव्हा त्या दारात पुन्हा मुलाला अंदाज करावा लागतो की आईला काय हवं असेल, आणि भावंडांचे अंदाज क्वचितच जुळतात.

ही वाट माहीत नसल्यामुळे आजही अनेक घरांत तिसरंच घडतं. पैसे संपतात, घरचे 'आमच्या जबाबदारीवर नेतो' असं लिहून देतात आणि ॲम्ब्युलन्समधून माणूस घरी येतो. बरोबर वेदनेचं औषध नसतं, धाप लागली तर काय करायचं ते कोणी सांगितलेलं नसतं, रात्री फोन करायला कोणी नसतं. ज्या पत्नीनं पन्नास वर्षं त्या माणसाची सेवा केली तिला त्याचं तडफडणं असहायपणे बघावं लागतं. उपचार थांबवणं आणि माणसाला सोडून देणं ह्यांत फरक आहे. त्रास कमी करत राहणाऱ्या ज्या सेवेनं तो फरक पडतो, तिला वैद्यकात पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ती कॅन्सरपुरती नाही; हृदय, मूत्रपिंड, फुप्फुसं निकामी होत जाण्यात आणि स्मृतिभ्रंशातही ती लागते, आणि शेवटच्या आठवड्यात नाही तर कित्येक महिने आधी सुरू करायची असते. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना विनामूल्य सांभाळतं, गोव्यात लोटलीलाही त्यांचं केंद्र आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं केंद्र १९९७ पासून कॅन्सर रुग्णांना आणि घरच्यांनाही विनामूल्य मदत करतं. मॉर्फिनची गोळी स्वस्त आहे. ती मिळणं अवघड होतं ते अमली पदार्थांच्या कायद्यातल्या परवान्यांमुळे. २०१४ च्या दुरुस्तीनं ते सुटसुटीत झाले, तरी अनेक डॉक्टर अजून ती लिहून द्यायला कचरतात. तुमचे डॉक्टर कचरत असतील तर पॅलिएटिव्ह केअर केंद्राकडे चिठ्ठी मागा. चिठ्ठी मागण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

घरी न्यायचं ठरलं तर फॅमिली डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं. घरी मृत्यू झाला की कारणाचं प्रमाणपत्र त्यांनाच द्यावं लागतं. आजार माहीत नसलेले डॉक्टर ते द्यायला तयार होत नाहीत, आणि ऐन दुःखात घरच्यांची वणवण होते. रुग्णालयाचे सगळे कागद, विशेषतः डिस्चार्ज समरी, एका फाइलमध्ये ठेवावेत.

आई-वडिलांशी हा विषय काढायचा कसा, असं मला पुष्कळ जण विचारतात. थेट मरणाचं बोलू नये. कोणाच्या तरी आजारपणाची बातमी आली की म्हणावं, "आई, काकांना जसं तीन आठवडे ठेवलं तसं तुला आवडलं असतं का?" ती लगेच सांगते. आपण ऐकून घ्यायचं, पुढच्या वेळी आणखी एक प्रश्न विचारायचा, आणि दोन-तीन महिन्यांनी ते तिच्याच शब्दांत लिहून तिच्यापुढे ठेवायचं. पैशाचं बोलणं त्या दिवशी करू नये. ते भावंडांनी वेगळं बसून करावं, कोण किती देणार आणि कोण सुट्टी काढणार ते ठरवून. पैशाला कमी पडणाऱ्या भावंडाला निर्णयातही कमी मोजू नये.

मत बदललं तर इच्छापत्र कधीही लेखी रद्द करता येतं आणि नवं करता येतं. नवं केलं की जुन्या सगळ्या प्रती परत मागवून फाडाव्यात, फॅमिली डॉक्टरांकडची आणि पालिकेकडचीसुद्धा. दोन तारखांचे दोन कागद पुढे आले तर मंडळापुढे पुन्हा शंका उभी राहते. एका साध्या कार्डावर "माझं वैद्यकीय इच्छापत्र आहे, प्रत अमक्याकडे" असं लिहून, खाली फोन नंबर घालून ते आधारकार्डाबरोबर पाकिटात ठेवावं.